उलटी गाठ

ही ऐकीव गोष्ट नाही. माझी थोरली बहीण अपघात विभागात नर्स आहे आणि ताई थापा मारत नाही.

दोन बस धडकल्या त्या दुपारी जखमींच्या मनगटांवर पट्ट्या बांधायचं काम तिच्याकडे होतं. लाल म्हणजे आधी. हिरवी म्हणजे थांबू शकतो.

काळी म्हणजे... याच्यात वेळ घालवायचा नाही.

ताई डावखुरी. तिची गाठ उलटी बसते, लगेच ओळखू येते.

दारापाशी पडलेल्या एका बाईला तिने काळी बांधली. बाई शुद्धीत होती.

"सिस्टर, माझा नंबर कधी?"

"येईल हं," म्हणत ताई पुढे सरकली.

मागे कापड फाटल्याचा आवाज झाला.

फर्र...

पट्ट्यांच्या गुंडाळ्या तर तिच्याच खिशात होत्या.

तिने वळून पाहिलं. एका ड्रायव्हरला तिने हिरवी बांधली होती. आता लाल होती. गाठ उलटी.

"कोणी बदलली?"

"तुम्हीच की आत्ता! एवढ्यात विसरलात?"

तो हसला... आणि कोसळला. पोटात रक्तस्राव होत होता. पट्टी लाल होती म्हणून डॉक्टर धावले, तो वाचला.

ताई दारापाशी गेली. त्या बाईचा जीव गेला होता.

तिचं मनगट मोकळं होतं.

तेवढ्यात भावोजी ताईचा डबा घेऊन आले. धडधाकट माणूस. बाकावर बसले.

या वेळी कापड फाटल्याचा आवाज आला नाही.

"काय गं, मलाही रांगेत लावलंस?"

त्यांच्या मनगटावर काळी पट्टी होती. नवी नव्हे... रक्ताने भिजलेली.

ताईने ती कात्रीने कापली आणि डॉक्टरांना गाठलं.

"सर, आधी यांना बघा!"

"सिस्टर, भानावर या. लालवाले खोळंबलेत आणि हे चालत आलेत!"

डॉक्टरांच्या जागी ताईही हेच म्हणाली असती.

पुढे सगळ्या तपासण्या झाल्या. कशातच काही निघालं नाही. भावोजी चेष्टा करतात, "बायकोने जिवंतपणीच माझा निकाल लावला!"

ताई हसत नाही. झोपताना त्यांचं मनगट धरून ठेवते.

परवा मी विचारलं, "अजून भीती वाटते?"

तिने आपली बोटं एकमेकांवर घासली.

"दिसत काहीच नाही रे. पण धरलं की बोटांना गाठ लागते..."

"कसली गाठ?"

"माझीच."