पाण्याची बाजू

आमच्या कामात प्रत्येक पानाला दोन बाजू असतात, एक रसाची आणि एक पाण्याची. रोपवाटिकांकडून संशयित रोपं येतात. त्यांची पानं खलात घोटून रस काढायचा, काचघरातल्या तंबाखूच्या पानावर, त्याला बारीक ओरखडे पडावेत म्हणून, चिमूटभर खरखरीत भुकटी भुरभुरायची आणि मधल्या शिरेच्या डावीकडे तो रस बोटाने हलकेच चोळायचा. त्याआधी उजवीकडे त्याच बोटाने नुसतं उकळून गार केलेलं पाणी चोळायचं. क्रम उलटा झाला तर सगळं मुसळ केरात. तीन दिवसांनी पान बघायचं. डावीकडे तपकिरी ठिपके आले असतील तर नमुन्यात विषाणू आहे. उजवी बाजू हिरवीगार राहते, आणि ती तशी राहते म्हणूनच डावीवर विश्वास ठेवता येतो.

सतरा वर्षं मी हे करते आहे. माझ्या बोटाचा दाब इतका एकसारखा असतो की साहेब नव्या माणसांना माझ्या शेजारी उभं करून शिकवतात. हातमोजे मी कधी घातले नाहीत. पान बोटाला कळावं लागतं असं माझं म्हणणं, आणि साहेबांना ते पटत नसलं तरी माझे निकाल चोख असल्यामुळे ते गप्प बसायचे. थोडा गर्वच होता म्हणा.

त्या सोमवारी मी शुक्रवारची पानं बघायला गेले, तर उजव्या बाजूंवर ठिपके होते. सगळ्याच्या सगळ्या बारा पानांवर.

"शुक्रवारी हात धुतले नव्हते वाटतं," साहेब म्हणाले. चिडले नव्हते, उलट जरा खूश दिसले. सतरा वर्षांनी मी कुठेतरी चुकले होते ना.

मी त्याच दिवशी पुन्हा पानं चोळली. आधी साबणाने हात धुतले, मग दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवले, कारण दुधाने हा विषाणू निकामी होतो. पाणी नवीन उकळलं, खल भट्टीत भाजून घेतला. यावेळी रस घेतलाच नाही, दोन्ही बाजूंना पाणीच चोळलं. गुरुवारी दोन्ही बाजूंवर ठिपके होते, मसुराच्या डाळीएवढे, कोरडे, कडेला फिकट रेघ असलेले. मी भिंग लावून पाहिलं. एक ठिपका माझ्या तर्जनीच्या टोकाच्या आकाराचा होता.

साहेबांनी ते ठिपके कापून मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले आणि दरम्यान चिमणीला काम करायला सांगितलं. चिमणी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात तरुण तंत्रज्ञ. दिवसभर चिवचिवाट करते म्हणून हे नाव. ती पान फार जोरात दाबत होती. मी तिचं मनगट धरून दाब कसा द्यायचा ते दाखवलं. मग कुतूहल म्हणून मी दुसऱ्या जातीच्या पाच तंबाखूंवर नुसतं पाणी चोळलं. ही जात ठिपके पाडत नाही. हिला विषाणू लागला की तो गुपचूप रोपभर पसरतो. त्याच दुपारी माळीकाकांच्या तळहातात बांबूचं कुसळ घुसलं होतं, ते मी सुईने काढून दिलं.

"तुमच्या हाताला यश आहे बाई," ते म्हणाले. "दुखलं पण नाही."

सोमवारी चिमणीची पानं स्वच्छ होती. चिमणी स्वतः मात्र बाही खाली ओढून उभी होती.

"ताई, हे बघा ना. तुम्ही धरलं होतं ना, तिथेच हे कोरडे ठिपके आलेत. चार बोटं आणि हा अंगठा."

"खाज येते?"

"काहीच नाही. डॉक्टर म्हणाले बुरशी असेल, मलम दिलंय." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "मला रागावू नका, पण तुम्ही जरा लांबून बोलाल का?"

त्याच आठवड्यात ठिपक्यांचा अहवाल आला. साहेबांनी तो मला दोनदा वाचून दाखवला. ठिपक्यांत विषाणू नाही, जिवाणू नाही, बुरशीही नाही. पानाने मात्र आपलं काम चोख केलं होतं. रोग शिरला की ठिपके पाडणारी ही जात त्या जागेभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकते. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते, ती मिळेनाशी होते आणि तो तिथेच अडकतो. एक ठिपका जातो, पान वाचतं. "म्हणजे ही रोपं लढली," साहेब म्हणाले. "कुणाशी, एवढंच कळत नाही."

माझं रक्त मी दोन ठिकाणी तपासून घेतलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

बिनठिपक्यांची ती पाच रोपं मी रोज बघत होते. ती नुसती बरी नव्हती, ती माजली होती. शेजारच्या रोपांपेक्षा वीतभर उंच, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. माझा जीव भांड्यात पडला होता. तेराव्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी काचघराचं दार उघडलं तेव्हा पाचही रोपं कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होती. देठ दाबला तर आतून पाणी आलं. आदल्या संध्याकाळी ती ताठ उभी होती.

त्या दिवशी माळीकाका कामावर आले नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांची बायको भिंतीला टेकून बसली होती आणि येईल त्याला एकच गोष्ट सांगत होती. "गेले दहा-बारा दिवस कसे तुरुतुरु चालत होते. गुडघे दुखायचे थांबले होते. मला म्हणाले, वीस वर्षांनी लहान झालोय." मी काकांचा उजवा तळहात पाहिला. कुसळाचं बारीक भोक दिसत होतं. बाकी हात लहान मुलासारखा नितळ होता.

घरी येऊन मी नवऱ्याला शर्ट काढायला सांगितलं.

"लग्नाला अकरा वर्षं झाली," तो म्हणाला, "आणि आज आठवण आली होय?"

त्याच्या मानेवर आणि डाव्या खांद्यावर ठिपके होते, जुने, कोरडे. कॉलर घासते म्हणून आले असतील असं त्याला वाटत होतं. मी ते एकेक करून मोजले आणि रडू लागले. त्याला वाटलं मी घाबरले. मी आनंदाने रडत होते.

आता प्रश्न ठकूचा होता. ठकू आमची मुलगी, सात वर्षांची. पहिली पानं बिघडली त्याच्या पाच दिवस आधी ती सुट्टीसाठी आत्याकडे गेली होती. म्हणजे माझ्या हातात जे काही आलं होतं, ते आल्यापासून मी तिला शिवले नव्हते. मी नणंदेला फोन करून सांगितलं, अजून महिनाभर ठेवून घ्या. ती म्हणाली, "वहिनी, शाळा नाही का? आणि पोर रात्रंदिवस आई आई करतेय." शनिवारी ती स्वतःच ठकूला घेऊन आली.

मी सुती मोजे आणि त्यावर रबरी मोजे घालून दार उघडलं. आईच्या हाताला त्वचेचा रोग झालाय, बरा होईपर्यंत लांबूनच, असं ठकूला सांगितलं. तिची वेणी नवरा घालू लागला. वाकडी यायची, ती हसायची. मी डोळ्यात तेल घालून नऊ दिवस काढले. रबरी मोज्यांमधून मुलीच्या पाठीवर थोपटणं काय असतं, ते मी कुणाला सांगत बसणार नाही.

दहाव्या दिवशी मी भांडी घासत होते, आणि आतल्या खोलीतून ठकू किंचाळली.

कपाटाच्या दारात तिचं बोट चेमटलं होतं. दार अडकून बसलं होतं. माझे मोजे साबणाने बुळबुळीत झाले होते, कडी धरता येईना. मी ते दातांनी ओढून काढले, दार उचललं, तिचं बोट सोडवलं आणि दोन्ही हातांत धरून फुंकर घालत बसले.

किती वेळ, कोण जाणे. मग माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं.

तीन दिवस. ठिपका यायला तीन दिवस लागतात.

दुसऱ्या दिवशी तिच्या बोटावर काळंनिळं दिसलं आणि मी जवळजवळ नाचले. कामावरून आणलेलं भिंग लावलं. नुसता मुका मार होता. चौथ्या दिवशी तो उतरला.

मी तिला अंघोळ घालताना बोटं, पंजा, मनगट, कोपर सगळं बघितलं. कानामागे बघितलं. नवऱ्याला सांगितलं, तुझ्या मानेवर आहेत तसे डाग हिच्या अंगावर शोध.

"नाहीत गं," तो म्हणाला. "नितळ आहे पोर. अगदी तुझ्यावर गेलीये."

सगळे तसंच म्हणतात. डोळे माझे, हनुवटी माझी, हट्ट माझा. नवऱ्याचं काही, कुठे तरी एक काही, तिच्यात उतरलं असेल म्हणून मी सात दिवस शोधत होते.

आठव्या दिवशी तिला शाळेचे बूट होईनात. गेल्याच महिन्यात आणले होते. ती दोनदा वाढून घेऊन जेवायला लागली. केस असे चमकतात की शेजारीण विचारून गेली, कुठलं तेल लावता.

डॉक्टर म्हणाले, इतकी निरोगी मुलगी मी वर्षभरात पाहिली नाही. त्यांनी मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

नवव्या दिवशी मी घरात मोजे घालणं सोडलं.

आता तिची वेणी मीच घालते. तिला मांडीवर घेते, गालांवरून हात फिरवते, ती गणितं सोडवत असली तरी तिचा एक हात माझ्या हातात असतो. नवऱ्याला बरं वाटतंय. कामावर मी रजा टाकली आहे, परवापर्यंतची.

बोट चेमटल्याला आज अकरावा दिवस. संध्याकाळी नणंदेचा फोन आला होता. ठकूने तो माझ्या मांडीवर बसूनच घेतला.

"आत्या," ती म्हणाली, "आई बरी झाली. आता मला सोडतच नाही."