रविवारी डिनरला

"डावा डोळा तिरळा झालाय!"

कोरिनने खालून ओरडून सांगितलं आणि लगेच जीभ चावली. वर, वीस फुटी नाकतोड्याच्या पुतळ्याच्या डोक्याशी, गाडीच्या उंच पाळण्यात एक तरुण ब्रश घेऊन उभा होता. त्याने वळून पाहिलं. उन्हाने लाल झालेलं नाक, कानावर हिरव्या रंगाचा थेंब.

"तुम्हाला काय कळतं हो नाकतोड्याच्या डोळ्यांतलं?"

"नाकतोड्याच्या नाही. पण मी चष्म्याच्या दुकानात काम करते."

तो पाळणा घेऊन खाली आला. तिच्या शेजारी उभं राहून बराच वेळ वर पाहत राहिला.

"च्यायला," तो म्हणाला, "खरंच तिरळा आहे."

हा ओरेस्ट मेलनिक. सस्कॅचेवानच्या या सपाट मुलखात गावोगावच्या वेशीवर काहीतरी अवाढव्य उभं असतं. कुठे नाकतोडा, कुठे किटली, कुठे जेवणाच्या काट्यावर टोचलेला पिरोगी, उकडलेल्या करंजीसारखा. ऊन-वारा त्यांचे रंग खातो आणि ओरेस्ट दर उन्हाळ्यात ते पुन्हा लावतो. कोरिन टोरांटोची. मंगळवारी कॅल्गरीच्या नव्या दुकानात रुजू व्हायचं होतं, म्हणून एकटीच गाडी घेऊन निघालेली. सरळ मोठ्या रस्त्याने न जाता ती या अवाढव्य वस्तूंचे फोटो काढत चालली होती.

"पुढे कुठे?" त्याने विचारलं.

"किटली बघायला."

"तिची तोटी आज दुपारी रंगवायची आहे मला. ओली असेल. हात लावू नका."

"नाही लावणार."

"नाही, म्हणजे... या. हात लावलात तरी चालेल."

ती गेली. दुसऱ्या दिवशी पिरोगीकडेही गेली. त्याचा ट्रक पुढे, तिची छोटी गाडी मागे, मधे धुळीचा लोट. समोरून कुणी आलं की ओरेस्ट स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा.

"इतके सगळे ओळखीचे?" तिने थांब्यावर विचारलं.

"एकही नाही."

"मग बोट कुणासाठी?"

"समोरून माणूस येतोय, त्याच्यासाठी."

संध्याकाळपर्यंत तिचंही बोट आपोआप उचललं जायला लागलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही आठवत नाही. एकमेकांचा फोन नंबर घ्यायचंही सुचलं नाही. पुढची भेट कुठल्या गावात, ते ठरलेलंच असायचं.

शनिवारी आणखी एका गावच्या अवाढव्य सूर्यफुलाच्या पाकळ्या रंगवून संपल्या. वारा सुटला होता. दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळीधमक शेतं वाकत होती. तिचे केस सारखे तोंडावर येत होते आणि तो ते बघत होता, मग बघत नसल्यासारखं करत होता.

"उद्या रविवार," तो म्हणाला. "घरी ये ना... डिनरला. आई पिरोगी करते. खाता येतील असे."

"येईन."

"आणि मला तुला एक विचारायचंय."

"मग विचार की."

"आत्ता... आत्ता हाताला रंग आहे."

"विचारायला हात लागतात?"

त्याने हात पँटला पुसले. घराचा रस्ता तेवढा कागदावर काढून दिला.

रविवारी सहाला कोरिन मेलनिकांच्या दारात उभी राहिली. अंगात निळा झगा, हातात स्ट्रॉबेरीची टोपली. अंगणात ट्रक नव्हता. दार उघडलं ते ओरेस्टच्या आईने, स्टेफाबाईंनी. कपाळाला आठी.

"मिसेस मेलनिक, मी कोरिन. मला डिनरला..."

"माहीत आहे. दीडपर्यंत थांबलो आम्ही."

"दीड? दुपारी?"

"मग काय, रात्री? डिनर दुपारीच असतं."

"आमच्याकडे... संध्याकाळी असतं."

"संध्याकाळी सपर असतं, पोरी!"

मग स्टेफाबाईंनी दाराची चौकट धरली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"आणि तो वेडा खिडकीपाशी बसून! म्हणाला, शहरातली आहे ती, गेली असेल कॅल्गरीला. नवा शर्ट काढला, जुना घातला, आणि उद्याचं काम आजच करतो म्हणून गेला पुढच्या गावी. सारस रंगवायला."

कोरिनला हसू आलं नाही. "उद्या पहाटे निघायचंय मला," ती हळूच म्हणाली. "त्याच्यासाठी... चिठ्ठी ठेवून जाऊ का?"

स्टेफाबाई हसायच्या थांबल्या. तिला आत नेऊन खुर्चीवर बसवलं.

"याच्या बापाने मला विचारायला तीन वर्षं घालवली. दर वेळी म्हणायचा, एवढी सुगी होऊ दे. मीही वाट बघत बसले. मग लग्न झालं आणि अकरा वर्षांनी तो गेला. त्या अकरा वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या तिनांचं अजून वाईट वाटतं."

त्यांनी एक झाकलेलं ताट पुढे सरकवलं. "हे तुझं. दुपारपासून ठेवलंय, कुणाला हात लावू दिला नाही. इथे बसून खा, नाहीतर घेऊन जा."

कोरिन ताट घेऊन उठली.

चाळीस मिनिटांचा रस्ता. जुलैचं ऊन अजून बरंच वर होतं. सारसाच्या मानेशी ओरेस्ट पांढरा रंग लावत होता.

"ओरेस्ट!"

ब्रश थांबला. त्याने मान वळवली नाही. "कॅल्गरी त्या बाजूला आहे."

"माहीत आहे. मी डिनरला आलेय."

"डिनर झालं."

"तुमचं झालं. टोरांटोत आत्ता चाललंय. तिकडे डिनर संध्याकाळी असतं!"

मग त्याने कपाळावर हात मारला. केसांत पांढरा रंग.

"म्हणजे तू... आणि मी दुपारभर..."

"खाली ये. मला ओरडून सांगायचं नाहीये."

पाळणा कुरकुरत खाली यायला लागला. सावकाश, फारच सावकाश. पंधरा फूट. बारा फूट. दहा. कोरिन ताट धरून उभी होती, आणि तिला ते दहा फूटही थांबवेना.

"मला तू आवडतोस!" ती ओरडली.

पाळणा जागच्या जागी थांबला.

"काय झालं?"

"बटणावरचा हात निघाला."

"मग परत ठेव ना!"

तो खाली आला. समोर उभा राहिला. हात मागे बांधलेले, झग्याला रंग लागू नये म्हणून.

"तुला काय विचारायचं होतं?" ती म्हणाली.

"हेच. तू आधी बोललीस."

"पण कॅल्गरी इथून सहा तास आहे."

"सहा तास? एवढं तर आम्ही ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला जातो."

मग ती हसली. दिवसभरात पहिल्यांदा. आणि त्याचे रंगाने माखलेले हात तिनेच पुढे ओढून घेतले.

सारसाच्या पायाशी बसून दोघांनी एकाच काट्याने ते गार पिरोगी संपवले. पहिला घास कुणी कुणाला भरवला, यावर दोघं आजही भांडतात.