चोरटी म्हणाल तर

फ्रान्समधल्या सोम्यूर गावाजवळच्या त्या पांढऱ्या दगडी हवेलीला गिऱ्हाईक आलं, त्या दुपारी जिस्लेन ओब्रिये किल्ल्या घेऊन गेली होती. काम साधंच. दारं उघडायची, दलाल पेल्तिए गिऱ्हाइकाला फिरवून आणेल, मग दारं लावून घरी परतायचं. हवेली तिच्या आजोबांची. आजोबा गेले तेव्हा ती लहान होती. आता तिनं आणि भावानं मिळून ती विकायला काढली होती. मळ्यात द्राक्षं वेलीवरच सुकत होती. इथं वाईन करणं कधीचंच थांबलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे हॉलंडचं जोडपं, वाउटर आणि मारेइके. घर त्यांना पसंत पडलं. मग पेल्तिए त्यांना मागच्या टेकडीत खोदलेल्या तळघराकडे घेऊन निघाला. दाराशी जिस्लेननं मेणबत्ती पेटवली.

"अहो मादाम, आत दिवे आहेत की!" पेल्तिए हसला.

"असू देत. आमच्याकडे हिच्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही." ती मारेइकेकडे वळली. "रस आंबायला लागला की त्यातून जड हवा सुटते. जमिनीलगत साचते, माणसाला गुदमरवते. म्हणून मेणबत्ती अशी खाली धरायची. विझली, की पळत सुटायचं."

आत पिवळे बल्ब जळत होते. रिकामी पिंपं, कोरडी भिंत, खडूसारखा वास. पेल्तिए रंगात आला.

"आता खरी गंमत ऐका! या घराला स्वतःचं भूत आहे. लेओंतीन नावाची कामकरीण. चोरून प्यायला आली, पिऊन आडवी झाली, ती उठलीच नाही! पाहुण्यांना सांगायला झकास गोष्ट. मी तर म्हणतो, तुमच्या वाईनला नावच द्या... चोरटी लेओंतीन!"

वाउटर खो खो हसला. जिस्लेनच्या कानशिलाची शीर तडतडली.

खरं काय ते तिला आईनं सांगितलं होतं. आजोबांना सगळे मजूर चोर वाटत. सुगीत ते तळघराला बाहेरून कुलूप घालत. त्या दिवशी पिंपांत रस आंबून फसफसत होता आणि लेओंतीन आत होती. ती दार बडवत राहिली. आजोबा अंगणात जेवत होते. 'बडवू दे,' म्हणाले, आणि पाव मोडून खाऊ लागले. नंतर चोरीची कहाणी त्यांनीच उठवली, आणि गावानं माना डोलावल्या. मजुरी याच घरातून मिळायची ना!

"मस्यू पेल्तिए, तोंड आवरा."

"अहो, गोष्टच ती—"

तो थांबला. कुठूनसा आंबट-गोड, दाट वास आला. आंबणाऱ्या रसाचा. पिंपं तर ठणठणीत कोरडी होती.

मेणबत्ती विझली. वर बल्ब तसेच जळत होते.

"बाहेर चला..." जिस्लेन पुटपुटली.

ते धावले, पण दार बंद होतं. वाउटरनं खांदा दिला, पेल्तिएनं लाथा घातल्या. मारेइके खाली बसू लागली. जिस्लेननं तिला दंडाला धरून उभं केलं. छातीवर कुणी धोंडा ठेवावा तसं झालं होतं. दमून सगळ्यांचे हात खाली आले.

तरी दार वाजतच होतं. आतल्या बाजूनं. त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

भीती होतीच, पण जिस्लेनला त्याहून जास्त आला तो संताप. आजोबांचा, गावाचा, इतकी वर्षं गप्प बसलेल्या स्वतःच्या घराण्याचा.

"ती चोर नव्हती!" ती ओरडली. "कुलूप माझ्या आजोबांनी घातलं! ती मरत होती आणि ते जेवत होते! ऐकताय ना सगळे? आमच्या घरानं मारलं तिला!"

दारावरची थाप थांबली. दार हळूच बाहेर उघडलं, आणि मारेइकेच्या केसांना वारा लागला. जणू कुणी घाईघाईनं शेजारून निघून गेलं.

अंगणात पेल्तिए धापा टाकत म्हणाला, "मादाम, हे असलं बोलून सौदा मोडलात तुम्ही!"

"मोडू दे. आणि तिचं नाव पुन्हा तोंडातून काढलंत तर याद राखा!"

गाड्या निघून गेल्या. उन्हं अजून मळ्यावर होती. जिस्लेन तळघराचं दार लावायला एकटीच मागे फिरली.

आणि आतून थापा ऐकू आल्या. सावकाश, जड थापा.

"कोण आहे तिकडे?" एक थकलेला, म्हातारा आवाज आला. "दार उघडा रे... श्वास कोंडतोय..."

ती जागीच थिजली. तो आवाज तिनं लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकला होता.

"जिजी... तूच ना गं बाळ? उघड की..."

जिस्लेननं पाहिलं. दार सताड उघडं होतं. ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोचलं होतं, आणि तिथं कुणीच नव्हतं.