दोन टाळ्या

वर्गात गोंगाट झाला की ओरडायचं नाही. आपण दोन टाळ्या द्यायच्या, मुलं दोन टाळ्या परत देतात आणि आपोआप गप्प बसतात. अध्यापक विद्यालयातल्या बाईंनी उभा जन्म हेच शिकवलं. पोरांवर हात उगारायची वेळच येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू.

यंदाच्या एक दिवसाच्या सहलीत त्या दोन टाळ्यांवर पैलवानाचं नशीब टांगलेलं होतं. पैलवान म्हणजे त्यांचा विद्यार्थी. फावड्यासारखे पंजे, मनानं मऊ, पण डोकं फिरायला वेळ लागायचा नाही. सरावपाठात त्यानं एका लहान मुलीच्या थोबाडीत मारली होती. प्राचार्य त्याला काढायलाच निघाले होते. बाईंनी मध्ये शब्द टाकला. आज बाईंसमोर एक पाठ घ्यायचा. हात उगारला, तर घरचा रस्ता.

सहल गेली ती एका बंद पडलेल्या शाळेत. तिथला एक वर्ग जसाच्या तसा जपून ठेवला होता. झिजलेली बाकं, उंच खिडक्या, खडूच्या भुकटीचा कोरडा वास. बाकीचे भावी शिक्षक बाकांवर मुलं होऊन बसले आणि बसल्याबसल्या वांडपणाला लागले.

"गुरुजी, हा चिमटे काढतोय!"

"खोटं! गुरुजी, हिनंच माझा डबा खाल्ला!"

पैलवानाच्या मानेची शीर फुगली. बाईंनी दारापाशी उभं राहून डोळ्यांनीच 'सबूर' म्हटलं. त्यानं श्वास घेतला आणि दोन टाळ्या दिल्या. वर्गानं दोन परत दिल्या. शांतता झाली.

मग आणखी एक आवाज आला. फाट्.

शेवटच्या बाकावरचा चष्मेवाला खाली कोसळला. ओठ फाटला होता, चष्मा पार खिडकीखाली जाऊन पडला होता.

"कोण रे तो? थट्टेला काही सीमा?" तो रडवेला होऊन मागं वळला. मागं नुसती भिंत होती. त्याच्या गालावर पाच बोटं उठली होती, लांब आणि जाड.

एकच गलका झाला. गोंधळलेल्या पैलवानानं पुन्हा दोन टाळ्या दिल्या. या वेळी कुणीच परत दिल्या नाहीत.

फाट्.

मधल्या बाकावरच्या मुलीचं कपाळ लाकडावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. गालावर तीच पाच बोटं.

एवढा मोठा पंजा वर्गात एकाचाच होता. सगळे त्याच्याकडे वळले.

"तूच!"

"अरे, मी इथं फळ्यापाशी आहे! डोळे फुटले का तुमचे?"

रागाच्या भरात त्यानं हातावर हात आपटले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार, तोच बाईंनी धावत जाऊन त्याचे दोन्ही पंजे घट्ट धरले. "नको, बाळा. टाळी नको."

फाट्.

पहिल्या बाकावरून एक दात घरंगळत त्यांच्या पायापाशी आला.

पैलवानाचे दोन्ही हात बाईंच्या हातात होते. त्यातला उजवा एकदम तापला.

"बाई," तो पुटपुटला, "झिणझिण्या येताहेत. मारल्यावर येतात तशा."

सगळे धावत सुटले. बसपाशी पोचल्यावर पैलवान थांबला. उजव्या हाताची बोटं त्यानं दाराच्या फटीत ठेवली आणि डाव्या हातानं दार ओढून घेतलं. हाडं मोडल्याचा आवाज ड्रायव्हरलाही ऐकू गेला.

"आता नाही मारणार कुणाला," तो म्हणाला. चेहरा खडूसारखा पांढरा.

"वेड्या, हे काय करून बसलास रे!" बाईंनी पिशवीतली लाकडी फूटपट्टी काढली, मोडक्या बोटांना आधार म्हणून लावली आणि वरून रुमालानं करकचून आवळली.

बस सुटली, तसा आरडाओरडा वाढला.

"त्याला खाली उतरवा!"

"काका, गाडी थांबवा, नाहीतर आम्हीच फेकतो याला!"

कुणीतरी त्याची कॉलर धरली, कुणी केस. बाई वाटेत उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. हात सवयीनं आपसूक जुळले.

दोन टाळ्या.

बस गप्प झाली. कॉलर सुटली. पैलवान खिडकीला टेकून होता, बांधलेला हात मांडीवर. तो हललासुद्धा नाही.

फाट्.

बाई सीटवर आदळल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी गाल चाचपला. बोटांचे वळ फुगले होते. त्या वळांलगत आणखी एक सरळ, रुंद वळ होता आणि त्याच्या कडेला बारीक रेघा, सगळ्या सारख्या अंतरावर. दर पाचवी रेघ जराशी लांब.