कापशेपटीचा कानखडा

हेमांगीने मासा ओळखला आणि यंत्राने ओळखला नाही, इथूनच सगळं भांडण सुरू झालं.

मासा म्हणजे महाशीर. सह्याद्रीतल्या नद्यांचा हा राजा: सोनेरी खवल्यांचा, दांडगा, आणि गळाला लागला तर धरणाऱ्याचा घाम काढणारा. खिरणी नदीतला महाशीर मारायला आणि विकायला कायद्याने सक्त बंदी होती. गळ टाकायची परवानगी होती ती फक्त आंबोशी गावच्या पकड-सोड मंडळाला, आणि तीही एका अटीवर. मासा पकडायचा, ओल्या हातांनी धरायचा, माप घ्यायचं आणि लगेच सोडून द्यायचा. सोडायचाच तर धरता कशाला, असं अख्खं गाव विचारायचं. मंडळी उत्तर द्यायला लागली की विचारणारा जांभया द्यायचा.

हेमांगी या मंडळाची सर्वांत लहान सभासद आणि सर्वांत तापटही. हिवाळ्यात खिरणीच्या घंगाळ डोहावर तिच्या गळाला एक भलीमोठी मादी लागली होती. तिच्या शेपटीचा वरचा कोपरा कुणीतरी कातरून नेल्यासारखा होता, म्हणून हेमांगीने तिचं नाव कापशेपटी ठेवलं. तिला सोडताना 'पुन्हा भेटू' असंही म्हणाली होती. आता ती भेटली, पण ढमालेशेठच्या हॉटेलातल्या बर्फाच्या पेटीत.

ढमालेशेठचं हॉटेल घाटाच्या वळणावर होतं आणि तिथली महाशीर थाळी पार शहरापर्यंत गाजलेली. हॉटेलामागे त्यांचं एक तळं होतं. त्या तळ्यात वाढवलेले महाशीर विकायचा त्यांच्याकडे रीतसर परवाना होता. मासे तळ्यातलेच, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. इकडे डोहातले मोठे मासे मात्र दिवाळीपासून एकेक करून गायब होत होते. मंडळाने तक्रारी करकरून शेवटी जलरक्षक कचेरीला जाग आणली, आणि कचेरीने आपला निरीक्षक धाडला. निरीक्षक म्हणजे न-चार नावाचा यंत्रमानव. उंचीला रांजणाएवढा, बोलायला अति नम्र आणि नियमाला घट्ट चिकटलेला.

न-चारने पेटीतली कापशेपटी तपासली आणि सांगितलं, "हा मासा तळ्यात जन्मलेला आहे. गुन्हा आढळत नाही."

हेमांगीचा पारा चढला. तिने शेपटी दाखवली, हिवाळ्यातला फोटो दाखवला. अशा शेपटीचे मासे अनेक असू शकतात, असं न-चार म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा तेच उत्तर दिलं, तितक्याच नम्रपणे. पालथ्या घड्यावर पाणी! गल्ल्यावर बसलेल्या ढमालेशेठने हसत हसत तिला सरबत देऊ केलं, तेव्हा तर तिच्या डोळ्यांत रागाने पाणीच आलं.

निकाल उद्या दुपारी वर जाणार होता. एकदा तो गेला की ढमालेशेठला रान मोकळं. डोहात आता मोजक्याच मोठ्या माद्या उरल्या होत्या. पावसाळा लागला की त्या अंडी घालायला नदीच्या वरच्या अंगाला निघून जातात. कुठे जातात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याआधीच जाळं पडलं, तर पुढची पिढीच संपली.

हेमांगी पाय आपटत भालूआजोबांकडे गेली. डॉक्टर भालचंद्र सोहोनी हे तिच्या आईचे वडील. जन्मभर त्यांनी खडकांचा आणि पाण्याचा अभ्यास केला होता, आणि उरलेला वेळ गळ टाकण्यात घालवला होता. मंडळही त्यांनीच काढलेलं. तिचं ऐकून घेऊन ते म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. ती तपासणी मीच शोधून काढलेली आहे."

"मग तुमची तपासणीच चोराला सोडतेय."

"तेच तर म्हणतो. आमचंच मांजर आणि आम्हालाच म्याव." आजोबांनी चष्मा काढून टेबलावर आदळला.

तपासणी आहे तरी काय, ते मला नीट समजावून सांगा, असा हेमांगीने हट्टच धरला. आजोबा कुरकुरले, पण शिकवायला बसले की त्यांचा राग निवळतो हे तिला पक्कं माहीत होतं.

प्रत्येक माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, कर्णाश्म असतो (कर्णाश्म म्हणजे कानातला खडा, मासा त्याच्या मदतीने तोल सांभाळतो आणि आवाज ऐकतो). तांदळाच्या कणीएवढाच, पण मासा जन्मतो तेव्हा तो धुळीच्या कणाएवढा असतो आणि मग त्यावर थरावर थर चढत जातात. संक्रांतीचा हलवा कसा करतात? तिळावर साखरेच्या पाकाचा एक थर, तो सुकला की दुसरा, मग तिसरा. खड्याचंही तसंच. अगदी आतला तीळ म्हणजे माशाचं बाळपण आणि सर्वांत बाहेरचा थर कालपरवाचा. एकदा चढलेला थर पुन्हा विरघळत नाही की बदलत नाही.

"थर कशाचे असतात?" हेमांगीने विचारलं.

थर कॅल्शियमचे, म्हणजे खडूत असतं त्याच पदार्थाचे. पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर स्ट्रॉन्शियमही थरात घुसतं (हा कॅल्शियमसारखाच वागणारा, पण त्याच्यापेक्षा जड असा एक धातू, खडकातून झिजून पाण्यात उतरतो). बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं, त्यामुळे आपल्याकडे त्यात स्ट्रॉन्शियम जास्त. नदीचं पाणी पावसाचं, घाईघाईने वाहून जाणारं, म्हणून त्यात कमी. ढमालेशेठचं तळं बोअरवेलच्या पाण्याने भरतात. न-चार लेसरच्या बारीक किरणाने खड्याचा इवलासा कण जाळतो, त्या धुरातलं स्ट्रॉन्शियम मोजतो आणि मासा कोणत्या पाण्यात होता ते सांगतो.

"त्याने कोणता थर जाळला?"

"तीळ. मधला. तसा नियम आहे."

हेमांगी चिडली. "मासा कालपर्यंत कुठे होता ते कळायला हवंय ना? मग बाहेरचा का नाही बघत?"

हा नियम आजोबांच्याच सल्ल्याने झाला होता, आणि त्यामागे कारणही होतं. पूर्वी चोर नदीतला मासा पकडून काही आठवडे तळ्यात ठेवायचे. तेवढ्यात बाहेरचे थर तळ्याच्या पाण्याचे व्हायचे आणि चोर सुटायचा. मधला तीळ मात्र कुणालाच बदलता येत नाही. मासा जिथे जन्मला तिथला, असं मानून सगळे मोकळे झाले.

हेमांगीने कपाळावर हात मारला. "माझा जन्म नागपूरचा. न-चारने माझा तीळ जाळला तर तो म्हणेल, ही नागपुरात आहे, आंबोशीच्या शाळेत गैरहजर."

आजोबा हसले, पण लगेच त्यांचं हसू मावळलं. ते उठून खिडकीशी गेले आणि मागच्या अंगणाकडे बघू लागले. अंगणात मंडळाची सिमेंटची टाकी होती. नदीत महाशीर वाढावेत म्हणून मंडळ दर वर्षी त्या टाकीत पिल्लं वाढवायचं आणि वाजतगाजत, हारतुरे घालून नदीत सोडायचं. हेमांगीच्या जन्माआधीपासूनची ही प्रथा, मंडळाच्या अभिमानाची. टाकी भरायची ती बोअरवेलच्या पाण्याने.

"कापशेपटी आपल्याच टाकीत जन्मली असणार," आजोबा म्हणाले. "तिच्या खड्याचा तीळ आपल्या टाकीचा आहे. चोराला ढाल आपणच करून दिली."

त्यांना आणखीही एक गोष्ट आठवली आणि ते संतापाने लाल झाले. गेल्या काही वर्षांच्या त्या समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून नारळ फोडायला मंडळाने बोलावलं होतं ते ढमालेशेठना. टाकीचं पाणी कुठून येतं हे त्यांनी तेव्हा मोठ्या आस्थेने विचारून घेतलं होतं. इतक्या शिकलेल्या मंडळींना त्या आस्थेचा वास येऊ नये, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं हॉटेलवर धडकली. सगळा खडा वाच, आतून बाहेरपर्यंत, असं हेमांगीने न-चारला सांगितलं. न-चार म्हणाला, नियमात 'केंद्र' असा शब्द आहे. तिने तीनदा समजावलं, त्याने तीनदा नियम म्हणून दाखवला. शेवटी तिने दातओठ खाऊन विचारलं, "बाकीचे थर वाचायला नियमाची मनाई आहे का?"

न-चारच्या डोळ्यांतले दिवे क्षणभर लुकलुकले. "मनाई नाही," तो म्हणाला. "कुणी आजवर सांगितलं नव्हतं."

लेसरचा किरण खड्याच्या मध्यापासून काठाकडे हळूहळू सरकू लागला आणि न-चारच्या छातीवरच्या पडद्यावर एक रेघ उमटत गेली. सुरुवातीला रेघ उंच होती, म्हणजे स्ट्रॉन्शियम भरपूर, टाकीचं पाणी. मग ती एकदम खाली कोसळली. त्यानंतर खालच्या खालीच वरखाली होत राहिली, उन्हाळ्यात जराशी वर, पावसाळ्यात खाली, असं करत थेट काठापर्यंत गेली. ती पुन्हा उंच अशी झालीच नाही. न-चारने हॉटेलमागच्या तळ्याचं पाणीही मोजलं. त्यात स्ट्रॉन्शियम भरपूर निघालं.

"या माशाच्या शेवटच्या थरात तुमच्या तळ्याचं पाणी नाही," न-चार ढमालेशेठना म्हणाला. "हा मासा मरेपर्यंत नदीत होता."

चोर तो चोर वर शिरजोर! ढमालेशेठ आवाज चढवून हेमांगीला म्हणाले, "पन जलमला टाकीतच न्हवं? मंग टाकीतलाच की तो. तुमच्याच आजाच्या टाकीतला. चोरी कसली त्यात?"

न-चारने हेही नम्रपणे ऐकून घेतलं. मग त्याने पेटीतल्या बाकीच्या माशांचे खडे तसेच वाचले. सगळ्या रेघा खाली कोसळलेल्या आणि खालीच राहिलेल्या. दुपारी निकाल वर गेला तो परवाना रद्द करण्याचा, आणि संध्याकाळच्या आत डोहाच्या तोंडाशी दडवलेली जाळी कचेरीच्या माणसांनी ओढून काढली.

मंडळाने पेढे वाटले. हेमांगीने पेढा घेतला नाही. तिला न-चारचा राग होता, नियमाचा होता, हार घालणाऱ्या मंडळाचा तर फारच होता, आणि या सगळ्या शहाणपणाने कापशेपटी काही परत येणार नव्हती. ती नुसतीच न-चारच्या छातीवरच्या कापशेपटीच्या रेघेकडे बघत बसली होती. बघता बघता तिला काहीतरी खटकलं. कापशेपटी मोठी झाल्यापासून, दर पावसाळ्यात, रेघ एका जागी नदीच्या पाण्यापेक्षाही खाली उतरत होती. थोडेच दिवस, आणि दर वर्षी तितकीच खाली.

तिने आजोबांना बोलावलं. आजोबांनी रेघेवर नाक टेकवलं.

"हे नदीचं पाणी नाही," ते हळूच म्हणाले. "वरच्या सड्यावरून (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार) थेट उतरणारा एखादा ओहोळ असावा. खडकात न मुरलेलं पाणी. पावसाळ्यात दर वर्षी ती तिथे जायची. हेमे, अंडी घालायला."

नदीला वरच्या अंगाने येऊन मिळणारे ओहोळ पुष्कळ. पाऊस सुरू झाल्यावर आजोबा, हेमांगी आणि चिखलात रुतत कुरकुरणारा न-चार एकेक ओहोळ पालथा घालत फिरले. जळवा चावल्या, आजोबा दोनदा घसरून पडले, आणि बहुतेक ठिकाणचं पाणी त्या रेघेशी जुळलं नाही. करवंदीच्या जाळीआडचा एक अरुंद ओहोळ मात्र बरोबर जुळला. त्याची जागा त्यांनी गावात कुणालाच सांगितली नाही, आणि पाऊस ओसरेपर्यंत कचेरीचा पहारा गुपचूप तिथे बसला. मंडळाची टाकी आजोबांनी स्वतः रिकामी केली.

पाऊस थांबल्यावर तिघं पुन्हा तिथे गेली. ओहोळाच्या तळाशी गोल गोट्यांमध्ये बोटाएवढी पिल्लं प्रवाहाकडे तोंड करून उभी होती, पुष्कळ, आणि प्रत्येकाच्या अंगावर सोनेरी झाक होती. आजोबा ओल्या खडकावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायच्याही भानगडीत पडले नाहीत.

न-चारने पाणी मोजलं. आता कचेरीने जन्माचंच नव्हे तर राहण्याचंही पाणी नोंदवायचा नवा नियम केला होता. त्याप्रमाणे त्याने विचारलं, "या माशांची नोंद कुठले म्हणून करू?"

हेमांगी गुडघे टेकून पाण्यात डोकावली. तिच्या सावलीने पिल्लं जराशी बिचकली आणि पुन्हा आपापल्या जागी येऊन उभी राहिली.

"इथलेच," ती म्हणाली. "जन्माने पण."