डाव्या पायाचं प्रकरण

गुन्हेगार कितीही सराईत असो, जाताना तो एक तरी खूण मागे ठेवतो, हे बाईंच्या धंद्याचं मूळ तत्त्व. मास्तरांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. या खेपेस मात्र खूण शोधायला भिंगाची गरज नव्हती. तिला चार चाकं होती आणि गॅरेजची लाकडी भिंत फोडून ती नाकापर्यंत स्वयंपाकघरात शिरली होती.

बाई पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करायच्या, आता खाजगी तपास करायच्या. मास्तर हे त्यांचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तपासात त्यांच्याकडे दोन कामं: बॅग धरणं आणि चुकीचा अंदाज सर्वांच्या आधी सांगणं.

बाईंना बोलावलं होतं त्या घरातल्या थोरल्या भावाने. त्याला गुन्हेगार माहीत होता, फक्त पुरावा हवा होता.

"धाकट्याचंच काम आहे हे. एकदा सिद्ध करून द्या, म्हणजे चुली वेगळ्या करायला मी मोकळा." भिंत पडलीच आहे तर आता घराच्या मधोमध पक्की बांधू, असं त्याचं म्हणणं होतं. मापाची टेप खिशातच होती.

मोटार वडिलांची. लहानपणच्या आजारात त्यांचा डावा पाय लुळा पडलेला, म्हणून त्यांनी हौसेने ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. क्लच नाही, गिअर टाकणं नाही, डाव्या पायाला कामच नाही. गेल्या वर्षी वडील गेले. इतकी देखणी जुनी गाडी हाताने गिअर टाकतच चालवायला हवी, असं थोरल्याच्या मनाने घेतलं आणि त्याने अख्खा गिअरबॉक्सच बदलून घेतला. शनिवारी संध्याकाळी मिस्त्री गाडी गॅरेजमध्ये लावून गेला. रविवारी सकाळी धडाड्धूम. आई सर्वांच्या आधी पोचल्या होत्या. दोघे भाऊ मागाहून धावले, तेव्हा गाडीत कोणी नव्हतं. किल्ली तेवढी फिरवलेली होती.

"बाबांचा नेम होता," थोरला सांगत होता. "दर रविवारी सकाळी इंजिन गरम करायचं. ते तिकडे न्हाणीघरात दाढी करत असायचे आणि नुसता आवाज ऐकून गाडीची तब्येत सांगायचे."

तेवढ्यात आई चहा घेऊन आल्या. मनगटाला फडकं बांधलेलं होतं. वाताचं दुखणं असावं, असा मास्तरांनी तर्क केला.

"अहो बाई, मी काय म्हणते..."

"आई, तू जरा थांब," थोरला म्हणाला. "गाडीतलं तुला काय कळतं?"

"दोनच मिनिटं हं आई," बाईही म्हणाल्या. "माझी विचाराची साखळी तुटते."

मास्तरांनी बिस्किट उचललं.

बाईंनी गाडी न्याहाळली. पुढच्या सीटवर नवं कव्हर होतं आणि त्यावर मिस्त्रीने ताणून चिकटवलेलं प्लॅस्टिक. त्याला एक सुरकुती नव्हती. चालकाच्या बाजूची काच खाली होती, नव्या रंगाचा वास जावा म्हणून.

मिस्त्रीला बोलावलं. तो एका प्रश्नाला तीन उत्तरं देणारा गृहस्थ होता. हँडब्रेकची तार यायची होती, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून तो गेला. सगळे गॅरेजवाले असंच करतात आणि तसं त्याने थोरल्याला बजावलंही होतं. आणखी एक. जुन्या गाडीत गिअरचा दांडा पार्किंगला किंवा न्यूट्रलला नसेल तर सेल्फच लागत नसे. तो जुना दांडाच गेला, मग त्याची वायर त्याने सरळ जोडून टाकली, म्हणजे आता गाडी गिअरमध्ये असली तरी सेल्फ लागणार.

धाकटा ट्रक चालवायचा. शनिवारी उशिरा आला तो तडक झोपला. आता तो खुर्चीत बसला होता, पण प्रत्येक उत्तराआधी त्याचा डावा पाय जमीन दाबत होता.

"ती गाडी नव्हती, बाबांचा पाय होता. दादाने तो कापला, म्हणून भांडलो," तो म्हणाला. "पण मी दहा टन माल घेऊन घाट उतरतो, बाई. मला ठोकायचीच असती, तर अशी हातभर ठोकली असती?"

"अगं, मिस्त्रीच," मास्तर कुजबुजले. "फार बोलतो."

"अहो, मग तुम्ही कधीच गुन्हा करणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळ्यांना फुटक्या भिंतीपाशी जमवलं.

"प्लॅस्टिकला सुरकुती नाही, म्हणजे गाडीत कोणी बसलंच नाही. किल्ली उघड्या खिडकीतून हात घालून फिरवली गेली. गाडी गिअरमध्ये आहे हे मिस्त्रीला आणि थोरल्यांना ठाऊक होतं. मुद्दाम करायचं असतं तर यांनाच जमलं असतं, पण स्वतःच्या हातचं काम कोण मोडेल? धाकट्यांना ते ठाऊक नव्हतं. आणि त्यांचा पाय तर खुर्चीतही क्लच दाबतो, ते दांडा न हलवता किल्लीला हात लावायचे नाहीत. तेव्हा हे काम अशा माणसाचं, ज्याला गाडी चालवता येत नाही, पण चालू करता येते. किल्ली फिरवली की ही गाडी जागची हलत नाही, यावर ज्याचा वर्षानुवर्षांचा विश्वास आहे. बाबा न्हाणीघरात दाढी करायचे, तर गॅरेजात इंजिन सुरू कोण करायचं?"

मास्तरांना मनगटावरचं फडकं आता निराळं दिसलं. गाडीने हिसका दिला तेव्हा हात खिडकीत होता.

"रविवार होता," आई म्हणाल्या. "वर्षभर आवाज नव्हता. म्हटलं, एकदा ऐकावा."

थोरल्याने टेप काढली, उगाच थोडी ओढली आणि परत गुंडाळली. धाकटा खाली बसून फळ्या वेचू लागला. "भिंत मी ठोकतो," तो म्हणाला. "होती तिथेच." थोरला दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि त्याने एक फळी उचलून पुढे केली.

"पण आई, सांगायचं नाही का गं?" थोरला म्हणाला.

"सांगितलं. रविवारी तुला, सोमवारी याला. मघाशी या बाईंना सांगत होते."

बाईंनी बॅग मास्तरांच्या हातातून स्वतःकडे घेतली. सबंध तपासात त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एकही प्रश्न आईंना नव्हता.