अबोल पाणी

"इतक्या उशिरा? मासे कुठे आहेत?"

मी मान वरही न करता विचारलं. हात कोपरापर्यंत पिठात होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात सावली पडली की तो कोळ्याकडचाच माणूस, हे आमच्याकडे ठरलेलं.

"मासे नाहीत..." सावली म्हणाली. "वडील आहेत. चालतील?"

मी वर पाहिलं. हातात बॅग, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत असं हसू, की मला माझ्या नाकावरचं पीठ आठवलं. त्याच्या मागे थानासिसकाका उभे होते. आमचे जुने पाहुणे, दर उन्हाळ्यात बायकोबरोबर येणारे. या वर्षी मात्र ती नव्हती. हिवाळ्यात गेली होती. तिच्या जागी हा मुलगा आला होता.

"साहेब, पाहुण्यांचं दार पुढे आहे," आई कुठूनशी उगवली. माझी आई कल्लिओपी, म्हणजे हॉटेलचा सातबाराच. क्रीटच्या या किनाऱ्यावर आजोबांनी बांधलेलं हॉटेल तिने नावारूपाला आणलं, ते दोन नियमांवर. पाहुण्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचं नाही, आणि पाहुण्याला नावाने हाक मारायची नाही. "नाव ओठांवर आलं की माणूस मनात येतो," ती म्हणायची, "आणि पाहुणा तर जाणारच असतो." हे बोलताना ती मरिनामावशीकडे बघायची नाही. पण चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशीचा हात क्षणभर थांबायचा. तिने एका पाहुण्याची कितीतरी उन्हाळे वाट पाहिली होती.

तर असा तो आला. नाव लेफ्तेरिस, हे मला कळलं होतं. पण मी त्याला "साहेब" म्हणायची आणि तो मला मुद्दाम "मासेवाली" म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर एक चूक झाली. आमच्या वाढप्याने सवयीने काकूंचाही धरून थानासिसकाकांच्या टेबलावर कॉफीचे तीन कप मांडले. काका त्या तिसऱ्या कपाकडे बघत राहिले. वाढपी पांढराफटक पडला, कप उचलायला हात पुढे करेना आणि मागेही घेईना. मला काय सुचलं कोण जाणे, मी जाऊन त्या खुर्चीत बसले आणि कॉफी पिऊन टाकली.

"हिला साखर कमी लागायची," काका हळूच म्हणाले.

"मलाही कमीच लागते," मी म्हणाले. साफ खोटं! मी तीन चमचे घालते.

काका रडले, मग हसले, मग त्यांनी पाव खाल्ला. मी उठताना लेफ्तेरिसने साखरेचं भांडं गुपचूप माझ्याकडे सरकवलं... तेव्हाच माझं काहीतरी बिनसलं असावं.

मग रोज सकाळी मी त्या खुर्चीत. तो थेसालोनिकी शहरात दातांचा डॉक्टर होता.

"तू हसताना डावा दात आधी दिसतो," तो म्हणाला.

"साहेब सगळ्या बायकांचे दात मोजतात वाटतं?"

"धंदाच आहे तो. पण झोपेत एकच दात आठवतो."

मी ट्रे उचलून पळाले. एकदा आईची दाढ ठणकली, तर त्याने तिलाही तोंड उघडायला लावलं. आईचं तोंड बंद करू पाहणारे खूप पाहिले, पण उघडायला लावणारा तो पहिलाच. "दाढ काढावी लागेल," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू, साहेब," आई म्हणाली.

पण पुढचं वर्ष येणारच नव्हतं. थानासिसकाका एका संध्याकाळी म्हणाले, "पोरी, इथल्या प्रत्येक पायरीवर ती दिसते. मला आता झेपत नाही. संत यानिसच्या सणाला निघतो आम्ही. परत काही येणं होणार नाही." ते येणार नाहीत म्हणजे तोही येणार नाही.

सणाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे लग्नाच्या मुली होणाऱ्या नवऱ्याचा कौल घ्यायला झऱ्यावरून अबोल पाणी आणतात. घडा भरल्यापासून घरी पोहोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर पाणी फुकट. या वर्षी घडा माझ्या खांद्यावर होता. इतर मुली पुढे गेल्या होत्या, आणि ऑलिव्हच्या वळणावर तो माझ्या शेजारून चालू लागला.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "तू बोलणार नाहीस, म्हणूनच आज धीर करतोय. एरवी तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस."

मी डोळे वटारले.

"तुमच्या गावात दातांचा डॉक्टर नाही. मी चौकशी केली. चौकात एक दुकान रिकामं आहे... मी येऊ शकतो, अर्गिरो. बाबांनाही आणीन. त्यांना ही जागा नकोशी नाही, इथलं एकटेपण नकोसं आहे. पण तुला नको असेल तर मी उद्या मुकाट्याने जाईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही." तो थांबला. "हो असेल तर नुसती मान हलव."

मान हलव! खांद्यावर काठोकाठ घडा, गालाला टेकलेला. मान हलवली असती तर गावातल्या सगळ्या मुलींचं नशीब माझ्या पाठीवरून ओघळलं असतं. मी डोळ्यांनी सांगितलं, भुवयांनी सांगितलं, जीव तोडून सांगितलं. पण उजेड कमी झाला होता. तो थोडा वेळ वाट बघत उभा राहिला.

"बरं," तो म्हणाला, आणि वळून गेला.

सकाळी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीत बसायची माझी हिंमत झाली नाही. तो समोर आला तेव्हा आई बाजूलाच उभी होती, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "साहेब, गाडी दुपारी येईल." कपाळकरंटी मी!

दुपारी मुलींनी घडा उघडला, गाणी झाली. मग रीतीप्रमाणे मी त्या पाण्याचा घोट तोंडात धरून वरच्या खिडकीत उभी राहिले. ज्या पुरुषाचं नाव पहिलं कानावर पडेल, तोच नवरा. आमच्या गावात दगड भिरकावला तरी यानिसलाच लागतो. माळी यानिस, नावाडी यानिस, बेकरीवालाही यानिसच. दरवर्षी सगळ्या मुलींच्या वाट्याला यानिस येतो आणि सगळ्या खिदळतात. मला हसू येत नव्हतं.

खाली गाडी उभी होती. काका आत बसले होते. लेफ्तेरिस दार उघडत होता. मला ओरडायचं होतं, पण तोंडात पाणी, आणि पाण्यापेक्षा जड असं मनात आईचं भय. मावशीचा इस्त्रीवरचा हात आठवत होता.

"बॅग उचलायला कुणी आहे का?" गाडीवाला म्हणाला. "अरे यानि..."

आईने त्याच्या तोंडावर चक्क हात ठेवला.

मग तिने वर पाहिलं, थेट माझ्या खिडकीकडे. तिच्याशेजारी मरिनामावशी डोळ्यांना पदर लावावा तशी चादरीची कड लावून उभी होती. आईने एक दीर्घ श्वास घेतला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"लेफ्तेरिस! अरे लेफ्तेरिस! माझ्या दाढेचं राहिलंच की!"

उभ्या आयुष्यात आईने पाहुण्याला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. मला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं, आणि तोंडातलं सगळं पाणी खिडकीखाली आलेल्या त्याच्या डोक्यावर पडलं.

तो निथळत वर बघू लागला. "हे... हो आहे की नाही?"

"हो!" मी ओरडले. "कालही होच होतं, लेफ्तेरिस! खांद्यावर घडा होता, मान कशी हलवू?"

तो बघतच राहिला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. गाडीतून थानासिसकाकांचं हसू ऐकू आलं. ते स्वतःच दार उघडून उतरत होते.

मी जिना उतरून धावले. लेफ्तेरिस संगमरवरी पायऱ्यांकडे वळला, तेवढ्यात आई आडवी आली.

"ओल्या अंगाने पुढच्या दाराने येऊ नकोस, फरशी आत्ताच पुसलीय," ती म्हणाली. "मागून ये. स्वयंपाकघरातून."